चंदाचा महिना

२५ एप्रिल १९९९, रवि.
मागच्या मोकळ्या प्लॉटवर गटाराचे सहा सिमेंट पाईप येऊन पडलेत. सुट्टी लागल्यापासून सई आणि तिची टोळी तिथेच. सहा पाईप, सहा ऋतू, सहा राज्यं. सई वसंताची राणी, अर्थात. चेटकीण सूर्य पळवते, मग एकेका राज्यातली जादू गोळा करत त्याला सोडवायला जायचं. ऐकून मलाच खेळावंसं वाटलं.
जेवताना म्हणाली, "आई, सातवा ऋतू असतो का? तळमजल्यावर ती नवी चंदा आलीय ना, तिचं काय करू?"
ऋतू नाही, म्हटलं, पण अधिक महिना असतो. तीनेक वर्षांनी येतो. कुणालाच नको होता, रडत विष्णूकडे गेला, त्याने त्याला स्वतःचं नाव दिलं. गोष्ट छान रंगली. स्वतःवर खूश.

२८ एप्रिल, बुध.
सईने गोष्टीचा पहिला अर्धाच उचलला. चंदाला सांगितलंय, तू अधिक महिना, तुझा महिना आला की ये. तोवर पाईपला हात लावायचा नाही, लावला तर त्या राज्यातलं सगळं मरतं. पोरगी उन्हात खडीवर बसून पाहते. काल चुकून एका पाईपला टेकली, तर शरद झालेली प्रीती धाडकन पडली, मेली. सगळ्या रडायचं सोंग करायला लागल्या. चंदा खरंच रडली.
सईला म्हटलं, तिला वाईट वाटत नसेल का गं?
"वाटतं ना. म्हणून तर मजा येते."
मग माझ्याकडे बघून, "म्हणजे, खेळात."
तेव्हाच पुढे बोलायला हवं होतं. ऑफिसची घाई.

३ मे, सोम.
चंदा दारात. "काकू, तुमच्या कॅलेंडरात बगा ना, माजा महिना कदी येतो?"
पाहिलं तर याच १६ला लागतोय, अधिक ज्येष्ठ! केवढा आनंद झाला मला. तिचं बोट धरून चौकोनावर ठेवलं. सई आरशापुढे केस विंचरत होती. कंगवा थांबला.

९ मे, रवि.
सासूबाईंचा फोन. स्वयंपाकघरातला ओटा १६च्या आत सुरू करा, अधिकात नवीन काही सुरू करत नाहीत. मी हे मानत नाही. तरी गवंड्याला मंगळवारीच बोलावलं. एवढी घाई का, सईने विचारलं, तिलाही हेच कारण सांगितलं.
चंदाबद्दल ह्यांच्याशी बोलले. "पोरींचं पोरींना मिटवू दे, तू मध्ये पडू नकोस." पडलेच कुठे? हा समंजसपणा की आळस?

१६ मे, रवि.
सकाळीच चंदा. नवा फ्रॉक, गजरा, हातात डबा. मागे तिची आई. "वहिनी, पाच वाजल्यापास्नं नटून बसलीया. म्हनं आजपास्नं मी राणी. अधिकात जावयाला धोंडे घालत्यात. आमाला कुटला जावई एवढ्यात? म्हनलं, मैत्रिणींनाच घालू."
सगळी टोळी आमच्याकडे जमली. पुरणाचे गरम धोंडे, वर तूप. बोटं चाटून खाल्ले. मग सई उठली.
"अधिकात नवीन काही सुरू करत नाहीत. म्हणून आता महिनाभर खेळ बंद. आईला विचार हवं तर."
चंदाने माझ्याकडे पाहिलं. "खरं का वो काकू?"
मागे नवा कोरा ओटा.
म्हटलं, "तसं म्हणतात, पण..."
पण ऐकायला कुणी थांबलं नाही. पोरी खिदळत जिना उतरल्या. चंदाच्या आईने रिकामा डबा उचलला, झाकण लावलं. ते लागेना.

१८ मे, मंगळ.
आज सईला मारलं. पहिल्यांदाच. म्हणाली, "मी काय खोटं बोलले? तूच सांगितलंस सगळं."
दुष्टपणाबद्दल मारलं, असं ह्यांना सांगितलं. खरं तर हात उठला तो या वाक्यानंतर. आधी नाही.

२६ मे, बुध.
चंदा एकटीच खेळते. सहाही पाईप तिचे. सहा आवाजांत बोलते, स्वतःच सूर्य हरवते, स्वतःच शोधून आणते. टोळी वर आमच्याकडे पत्ते कुटते. डाव कुणाच्याच लक्षात नाही, सगळ्यांचे डोळे खिडकीकडे.

६ जून, रवि.
बाकीच्या गावी गेल्या. दुपारी सई चुळबुळत आली. "आई, चंदाला सांग ना, मला घे म्हणून."
"तू सांग."
गेली. गॅलरीतून पाहत होते. हाक मारली, दोनदा, तीनदा. पाईपातून आवाज घुमत आला, "माजा महिना हाय. नवीन कुनाला घेत नसत्यात."
सई रडेल असं वाटलं. रडली नाही. गुडघ्यांवर बसली, डोकं आणि खांदे आत घातले. पाय बाहेर, उन्हात. आत काय बोलणं चाललंय, ऐकू येत नाही. माफी मागत असेल. नसेलही. काय बोललं की चंदाला कुठे लागतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नाही.
भीती सईसाठी वाटते की सईची?
जिन्यापर्यंत जाऊन परत आले. अजून तशीच आहे, अर्धी आत.