जुन्या बोगीपेक्षा पस्तीस किलो जास्त

शनिवार, दुपार

माननीय व्याहीबुवा यांना सप्रेम नमस्कार, आणि विहीणबाईंनाही तितकाच.

इकडे सगळं क्षेमकुशल आहे असं सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहितो. खरं काय आहे ते शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल. तुमचा गुडघा कसा आहे? तो जिना चढताना दुखतो की उतरताना, हे मागच्या भेटीत तुम्ही मला दोनदा सांगितलं होतं आणि मी दोन्ही वेळा लक्ष देऊन ऐकल्यासारखं केलं होतं, तेव्हा पुन्हा एकदा कळवावं. विहीणबाईंचा खोकला आता गेला असेल. घरचं औषधांचं दुकान असताना माणूस तीन आठवडे खोकतो, याला आमची ही दिव्याखाली अंधार म्हणते. (वाक्य तिचं आहे, मी फक्त उतरवून घेतलं.) हिची तब्येत ठणठणीत आहे हे त्यावरून तुमच्या लक्षात आलंच असेल. हे पत्र तुमचे जावई, म्हणजे आमचे चिरंजीव, स्वतः घेऊन येत आहेत. ते शाळेत भूगोल शिकवतात, पण वाट चुकले नाहीत तर संध्याकाळपर्यंत पोचतील.

सूनबाई तुमच्याकडे येऊन आज दहा दिवस झाले. जाताना 'जरा माहेरी जाऊन येते' एवढंच म्हणाली. बॅगेत कपडे कमी आणि आकड्यांनी भरलेली जाडजूड वही, असा सरंजाम तुम्ही पाहिलाच असेल. मुलगी अशी अचानक आली, जेवताना बेरजा करते, तेव्हा सासरी कोणी छळलं की काय, अशी शंका तुमच्या मनात आली असेल. तसं काही नाही. म्हणजे छळलं आहे, पण तसं नाही. पहिल्यापासूनच सांगतो.

तुम्ही आगगाडीत बसता तेव्हा डबा बघता, खिडकी बघता, शेजारी घोरणारा माणूस बघता. डबा ज्याच्यावर बसलेला असतो ते कोणी बघत नाही. प्रत्येक डब्याखाली दोन्ही टोकांना चार चाकांचा एकेक गाडा असतो, त्याला आम्ही कारखान्यात बोगी म्हणतो (तुम्ही प्रवासी मंडळी अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणता, चालायचंच). अडतीस वर्षं मी त्या बनवतो आहे. आमची जुनी बोगी ओतीव पोलादाची, वजन चार हजार चारशे पन्नास किलो. तिच्यावर हत्ती बसवा, ती विचारेल दुसरा कुठे आहे म्हणून. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली: कमी पडलं तर लोक नावं ठेवतात, जास्त झालं तर कोणी विचारत नाही. घरातही माझा तोच खाक्या. आमच्या स्वयंपाकघरात मी स्वतः केलेली लोखंडी मांडणी आहे. तिच्यावर तीन बरण्या असतात. गेल्या वर्षी मागची भिंत थोडी बाहेर आली, पण मांडणी जागची हलली नाही.

मग ते पुलाचं काम आलं. आडबाजूला एक लहानशी लाइन आहे, तिच्यावरचा पूल म्हातारा झाला आहे. त्याच्यावरून डबे न्यायचे तर प्रत्येक बोगी अडतीसशे किलोच्या आत हवी, वर एक किलोसुद्धा नाही. मोठ्या साहेबांनी हे काम ड्रॉइंग ऑफिसात आमच्या सूनबाईकडे दिलं. तिचं हे पहिलंच मोठं काम. तिनं काय करावं? ओतकामच काढून टाकलं. बाजारात ठरावीक मापाची तयार चॅनेल मिळतात, अँगल मिळतात, प्लेटा मिळतात (घराचं छप्पर घालणारा नेतो ना, त्याच), त्या आणायच्या, कापायच्या, वेल्डिंगनं जोडायच्या आणि पेटीसारखी पोकळ चौकट करायची. जिथे जोर येतो तिथे लोखंड, जिथे येत नाही तिथे हवा. अहो, हवा! मी म्हटलं, अगं, हवेवर डबा उभा राहील का? तर म्हणाली, 'बाबा, तुमच्या सायकलची नळीसुद्धा आतून पोकळच आहे की.' तेव्हापासून मी पायी जातो. तिची बेरीज आली तीन हजार सातशे साठ किलो, आणि कागदावर खाली रेघ मारली ती अशी, की जणू देवानंच मारली.

यात खरा दोष तुमचा आहे, राग मानू नका. लहानपणी तुम्ही तिला दुकानातल्या त्या काचेच्या पेटीतल्या काट्यासमोर बसवलंत. तुमच्या धंद्यात जरा जास्त झालं तर गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. आमच्या धंद्यात जरा जास्त झालं तर गिऱ्हाइकाचा नातूसुद्धा येतो. दोन घराण्यांतला हा फरक लग्न ठरवताना कोणी विचारात घेतला नाही. पत्रिका बघितल्या असत्या तरी तो कुठल्या घरात दिसला असता, देव जाणे.

तर बोगी तयार झाली, वजनाचा दिवस आला. रेल्वेकडून एक तपासनीस आले. बारीक माणूस, इतका बारीक की त्यांना बघून सूनबाईला धीर आला असावा. आम्ही अकरा जण रांगेत उभे. क्रेनच्या हुकाला घड्याळासारखा मोठा काटा लावला आणि बोगी उचलली. काटा सदतीसशेवर आला, सूनबाई हसली. अडतीसशेवर आला, थांबेना. चार हजार गेले. बेचाळीसशे गेले. थांबला तेव्हा चार हजार चारशे पंच्याऐंशी. म्हणजे हलकी बोगी जुन्या बोगीपेक्षा पस्तीस किलो जास्त! तपासनिसांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, मी येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या सोमवारी दहा वाजता पुन्हा येतो, तोवर जमलं तर ठीक, नाहीतर हा नाद सोडा. तो सोमवार म्हणजे हा परवाचा.

ते गेल्यावर सूनबाईनं आम्हाला सरळ विचारलं, नकाशात दिलंय त्यात कोणी काही बदल केला का? अकरा माना हलल्या. नाही, नाही, छे. माझी मान तर अशी हलली की चष्मा खाली पडला. आणि तिनं आमच्यावर विश्वास ठेवला हो. रडली असती, ओरडली असती तर बरं झालं असतं. 'मग बाबा, माझीच बेरीज चुकली,' म्हणाली आणि वही उघडून बसली. दुसऱ्या दिवशी तिनं मोठ्या साहेबांच्या नावाचा अर्ज माझ्या हातात दिला, की माझा नकाशा मी मागे घेते आहे. आणि ती तुमच्याकडे निघून आली. अर्ज मी सदऱ्याच्या खिशात ठेवला. तो सदरा आमच्या हिनं धुवायला टाकला. दोनदा. (पहिल्यांदा काही अक्षरं शिल्लक राहिली होती.)

त्यानंतर मी कारखान्यात चौकशी मांडली. फोरमन आहे, माझ्यापुढे खोटं बोलणं सोपं नाही (मला सोडून). सुरुवातीला सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. मग स्टोअरवाले म्हणाले, दहा मिलिमीटरची प्लेट होती, पण बारा दिली, सूनबाईंचं पहिलं काम, कशाला कमी पडायला हवं? झाले दोनशे किलो. नकाशाची नक्कल करणारे आमचे आण्णा, तिच्याहून तीस वर्षांनी मोठे, त्यांनी सगळी चॅनेल एका नंबरानं वाढवली होती. मुलगी नवीन आहे, म्हणाले, आपण सांभाळून घेऊ. दीडशे. कापणाऱ्यानं प्रत्येक तुकडा बोटभर लांब ठेवला, साठ. वेल्डर, ज्याला आम्ही डॉक्टर म्हणतो कारण तो टाके छान घालतो, त्यानं प्रत्येक टाका दुहेरी घातला, पन्नास. रंगाऱ्यानं एका हाताऐवजी चार हात दिले, पंधरा. सगळ्यांनी तिच्यावरच्या मायेपोटी केलं होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकट्यानंच केलं. मिळून चारशे पंच्याहत्तर किलो. पण वाढ तर सातशे पंचवीसची होती! उरलेले अडीचशे किलो कुठून आले याचा काही पत्ता लागत नाही. लोखंड आपोआप वाढत नाही हे मान्य, पण त्या आठवड्यात हवा फार दमट होती.

मग मी सगळ्यांना जमवून सांगितलं की दुसरी बोगी करायची, तिच्या कागदाबरहुकूम, आणि जो एक ग्रॅम जास्त घालेल त्याची गाठ माझ्याशी. व्याहीबुवा, अडतीस वर्षांत इतकं अवघड काम मी केलेलं नाही. करणं सोपं असतं हो, न करणं कठीण. डॉक्टर एकेरी टाका घालून थांबायचा आणि माझ्याकडे असा बघायचा, की जणू मी त्याला पेशंट अर्धवट सोडायला लावलं. आण्णा रोज येऊन विचारायचे, निदान एक चॅनेल? मी हात पाठीमागे बांधून उभा राहायचो. घरी आल्यावर ही म्हणाली, तुमचे हात मोकळे सोडा आता, भाजी ढवळायची आहे.

काल भार देऊन बघायचा दिवस. वर ठेवायला वजन कुठून आणायचं? आवारात जुन्या ओतीव बोग्या पडल्या होत्या, माझ्याच हातच्या. त्या नऊच्या नऊ एकावर एक तिच्या बोगीवर रचल्या. चाळीस हजार किलो. सूनबाईच्या कागदावर लिहिलं होतं: चौकट मधोमध सहा मिलिमीटर वाकेल, भार काढल्यावर परत येईल. मी सगळ्यांना लांब उभं केलं आणि आपण जवळ उभा राहिलो, कारण मोडली असती तर मला ते लांबून बघवलं नसतं. नववी बोगी ठेवली. मोडायचं सोडा, कुरकुरलीसुद्धा नाही. मी वाकून मोजलं: सहा मिलिमीटर. माझी पट्टी जुनी आहे म्हणून आण्णांच्या पट्टीनं मोजलं: सहा. भार काढला, चौकट होती तिथे परत आली. वजन केलं, तीन हजार सातशे साठ. माझे डोळे भरून आले. वेल्डिंगमुळे, असं मी सगळ्यांना सांगितलं, पण तेव्हा वेल्डिंग बंद होतं आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

असो. बाकी लिहिण्यासारखं विशेष काही नाही. गुडघा शेकत जावा, खोकल्याकडे लक्ष द्यावं, आणि आमच्याकडून काही कमी-जास्त (विशेषतः जास्त) झालं असेल तर पोटात घालावं.

तुमचा व्याही,
फोरमन

ता. क. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. सूनबाईला उद्या चिरंजिवांबरोबर पाठवून द्या. परवा दहा वाजता काट्याशेजारी तिनं उभं राहायला हवं. ती नसेल तर नकाशाच्या बाजूनं बोलणार कोण? आणि तिला सांगा की बेरीज बरोबर होती. आता हेही सांगा: ते अडीचशे किलो माझे. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले असताना मी पेटीच्या आत आठ पट्ट्या बसवल्या, एकेक सव्वाएकतीस किलोची, आणि वरून झाकण जोडून टाकलं. तिची चौकट मोडली तर लोक तिला हसतील, ही भीती मला सहन होत नव्हती. मोडू नये म्हणून घातल्या, आणि त्यांनीच तिला पाडलं. तिच्या तोंडावर हे बोलायला मला जीभ उचलत नाही. तुम्ही बाप आहात, शिवाय कडू औषध साखरेत घोळवून द्यायची तुम्हाला सवय आहे.

ता. क. दुसरा. तिचा मूळ कागद बरोबर द्यावा म्हणून आत्ता तिच्या खणातून काढला. आम्ही कारखान्यात वापरली ती आण्णांची नक्कल (दुसऱ्या बोगीच्या वेळी त्यांनी चॅनेलचे नंबर पुन्हा मूळचे करून दिले, तीच). मूळ कागद मी आज पहिल्यांदा नीट बघितला. सगळ्या वजनांची यादी, खाली एकूण सदतीसशे साठ, रेघ. आणि रेघेखाली अगदी बारीक अक्षरात पेन्सिलनं: 'सासरेबुवा: ४०. मिळून ३८००.' आण्णांना ती कच्ची टीप वाटली, त्यांनी ती उतरवून घेतली नाही. म्हणजे पोरीनं पहिल्या दिवसापासून माझी जागा धरून ठेवली होती. मीच चाळीसच्या जागी अडीचशे घातले. वरच्या ताज्या कलमातलं साखरेत घोळवायचं तेवढं राहू द्या. हे पत्रच तिला वाचायला द्या.

ता. क. शेवटचा. चिरंजीव बूट घालून दारात उभे होते, त्यांना पुन्हा खाली बसवलं आणि मी कारखान्यात एक चक्कर मारून आलो. चाळीस किलो माझ्या नावाचे आहेत असं तिच्याच हातचं लिहिलेलं आहे, त्यामुळे नव्या बोगीच्या आत एक छोटीशी पट्टी बसवली. तीस किलोची, तोलून. उरलेले दहा तसेच सोडले. उगाच जरा जास्त नको.