ब्रेकखालचा वजनकाटा

आई, चांदी तोलायचा आपला जुना इलेक्ट्रॉनिक काटा मी फोडला, हे आधी सांगून टाकतो. नाहीतर पुढचं सगळं ऐकताना तुझा जीव त्या काट्यातच अडकून राहील. हुपरीला दादाच्या घरी तो माळ्यावर टॉवेलात गुंडाळून पडला होता. त्याच्या पोटात बोटभर लांबीचा एक धातूचा तुकडा असतो. वजन पडलं की तो केसभर वाकतो आणि किती वाकला ते चार बारीक तारांतून सांगतो. मला तेवढाच तुकडा हवा होता, ब्रेकखाली बसवायला. कसला ब्रेक ते सांगायचं तर मला जरा मागं जावं लागेल, कारण तू गेलीस तेव्हा आपल्या घरात कॉम्प्युटरसुद्धा नव्हता.

तीन वर्षांपूर्वी माझा डावा डोळा गेला. फौंड्रीत कास्टिंग घासायचं काम चाललं होतं. गॉगल कपाळावर चढवून मी घाम पुसत होतो आणि शेजारच्या ग्राइंडरवरून कपची उडाली. दोष कुणाला द्यावा असं काही नाही, गॉगल मीच वर केला होता. एक डोळा गेला म्हणजे निम्मं दिसायचं बंद होतं असं मला वाटलं होतं. तसं होत नाही. दिसतं सगळं, पण वस्तू किती लांब आहे ते कळत नाही. चहा ओतायला गेलो की धार कपाच्या कडेवरून बशीत, बशीतून ओट्यावर. किल्ली कुलपाच्या शेजारी टोचते, जिन्याची शेवटची पायरी नसतेच. कंपनीनं मला स्टोअरला बसवलं, आता मी दिवसभर हातमोजे देतो आणि सही घेतो. घरी बायकोनं गाडीची किल्ली तिच्या कपाटात ठेवली आणि चहा ती स्वतःच ओतून द्यायला लागली. कुणी मला वाईट बोलत नाही. सगळे जपतात. आई, त्या जपण्याचा मला इतका राग यायचा की एकदा मी भरलेला कप मुद्दाम तसाच ठेवून कामावर गेलो.

डोळा जायच्या आधी रविवारी सकाळी आम्ही चारपाच जण गावाबाहेरच्या ट्रॅकवर कार्ट चालवायला जायचो. कार्ट म्हणजे चार चाकांची ठेंगणी गाडी, बसल्यावर जमिनीला हात लागतो. मी काही मोठा रेसर नव्हतो, पण वळणाआधी ब्रेक कधी दाबायचा ते मला बरोबर कळायचं आणि तेवढ्यावर मी दोघातिघांना मागं टाकायचो. आता तेच लोक रविवारी आपापल्या घरी कॉम्प्युटरसमोर बसून एकत्र शर्यत खेळतात. गाडी पडद्यावर, पण स्टिअरिंग, पेडल, सीट सगळं खरं. माझा गॅरेजवाला मित्र एकदा म्हणाला, "भावा, तू बी ये की. बस माझ्या शेजारी, बघत." त्याच्या मनात काही नव्हतं. पण त्या 'बघत'नं मला झोंबलं. मी तिथंच सांगितलं की बघणार नाही, चालवणार. पाऊण तासाची एक शर्यत, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि तीसुद्धा स्वतःच्या हातानं केलेल्या गाडीवर. पेडलसकट तयार सीट ते सगळे मिळून घेऊन देत होते. मी नको म्हटलं. स्टिअरिंग तेवढं त्या गॅरेजवाल्याचं जुनं घेतलं.

तू असतीस तर कमरेवर हात ठेवून विचारलं असतंस, जागचं हलत न्हाय त्यात बसून जातोस कुठं? खरंच कुठं जात नाही. पण यात एक गंमत आहे आणि ती मला महिनाभर विचार केल्यावर सुचली. पडदा सपाट असतो. दोन डोळ्यांच्या माणसालाही त्यात खरं अंतर दिसत नाही, त्यालाही अंदाजानंच ठरवावं लागतं. म्हणजे त्या पडद्यासमोर आम्ही सगळे सारखेच. बायकोला हे सांगितल्यावर ती म्हणाली की मागच्या गॅलरीत जागा करून देते, पण पापडाची खाट जाणार नाही. खाट गेली नाही. अजून शर्यतीच्या वेळी माझ्या उजव्या खांद्यापाशी पापड वाळत असतात.

सीट आणि पेडल बसवायचा सांगाडा चौकोनी लोखंडी पाइपचा केला. उसाच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या एका शेडवर उरलेले तुकडे मिळाले, सीट भंगारात निघालेल्या व्हॅनची. वेल्डिंग केलं नाही, सगळं नटबोल्टवर, म्हणजे पाय कुठं पोचतो ते बघून पुढंमागं करता येतं. भोकं पाडताना पंच चुकायचा, खूण एकीकडं आणि हातोडी दुसरीकडं. एक पाइप तर चाळणीसारखा झाला. तो टाकला, दुसरा घेतला. आणि मग आला ब्रेक. साध्या ब्रेकमध्ये पेडल किती खाली गेलं ते मोजतात. मला ते नको होतं. खऱ्या गाडीत पाय किती जोरात दाबला त्यावर ब्रेक लागतो, आणि जोर मोजायचा म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिल्यांदा काय यावं? आपला काटा. हुपरीच्या माणसाला वजन म्हटलं की चांदीच दिसते. तो तुकडा काढला, पेडलखाली बसवला आणि सगळी ताकद लावून पाय दिला. पैंजणाची जोडी तोलणाऱ्या काट्यावर आख्खा पाय! तो बिचारा कुरकुरलासुद्धा नाही, एकदम आडवा झाला. मित्र पोट धरून हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण ती तुझी वस्तू होती आणि मी ती विचार न करता घेतली होती.

मग गूळ बाजारात गेलो. तिथल्या एका अडत्याचा मोडका काटा पडून होता, ढेपा तोलायचा. त्याच्या आतला तुकडा चांगला जाड, पाय काय, माणूस उभा राहिला तरी चालेल असा. तो बसला. पण त्याच्या चार तारा, कॉम्प्युटरला जोर कळवणाऱ्या एका चिमुकल्या पट्टीवर झाळायच्या, म्हणजे सोल्डर करायच्या होत्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत एकेक. खरी परीक्षा तिथं होती. सोल्डरिंगच्या इस्त्रीचं तापलेलं टोक मी खाली आणायचो आणि ते तारेच्या मागं टेकायचं, नाहीतर पुढं, नाहीतर तार सोडून माझ्या अंगठ्यावर. तीन पट्ट्या जाळल्या. बायको दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आवं, टीव्ही दुरुस्तीवाला करून दील की पाच मिनिटांत." मी तिच्यावर ओरडलो. ती आत गेली. मी इस्त्रीची पिन काढून तसाच बसलो, आणि पहिल्यांदाच वाटलं की आपल्याच्यानं हे व्हायचं नाही.

तेव्हा तू आठवलीस. खरं सांगतो, तोपर्यंत काट्यापुरतीच आठवली होतीस. आपलं स्वयंपाकघर, चुलीकडची बाजू भाकरीची आणि दाराकडची तुझी. तू पाटावर बसलेली आहेस, समोर वीट, विटेवर व्यापाऱ्यानं सांधायला दिलेल्या पैंजणाच्या कड्या, तोंडात फुंकणी, उजव्या हातात चिमटा. दिव्याची ज्योत तू फुंकरीनं आडवी करतेस आणि ती सुईसारखी कडीवर जाते. मी बारा वर्षांचा, सुट्टी आहे, मला पण करायचंय म्हणून मागं लागलोय. तू चिमटा देतेस. मी हात हवेत धरून नेम धरतो, सांध्यासाठीचा चांदीचा कण कडीवर न पडता विटेवरून घरंगळतो. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तू माझ्या मनगटावर चापट मारतेस आणि म्हणतेस, "करंगळी टेक की रं आधी! अंतर डोळ्यानं कळत न्हाय, बोटानं कळतंय." मी करंगळी विटेवर टेकवली, हात स्थिर झाला, कण जागेवर पडला. तू लगेच पुढची कडी सरकवलीस.

मी पिन परत लावली. करंगळी पट्टीच्या कडेला टेकवली, हात तिच्यावर तोलला आणि टोक हळूच खाली आणलं. पहिली तार बसली. मग हलवून बघितली, मग दुसरी, तिसरी, चौथी. चारी सांधे चकचकीत, एकही गोळा नाही. मी बायकोला हाक मारून दाखवलं आणि ओरडल्याबद्दल चुकलं म्हणालो. तिनं सांधे बघितले नाहीत, माझ्याकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी करंगळी कपाच्या कानाला लावून चहा ओतला, तिचा आणि माझा. तेव्हापासून किटली माझ्याकडं असते.

शर्यत परवाच्या रविवारी अकरा वाजता झाली. चौदा गाड्या, आमच्या पाचसहा आणि बाकी इंटरनेटवरून आलेल्यांच्या. सराव करताना मी डोळ्यानं वळण मोजायचो आणि हमखास वाळूत जायचो, म्हणून डोळ्यावर विसंबणं सोडलं. कडेच्या एका पांढऱ्या पाटीवर खूण धरली आणि बाकीचं पायावर सोपवलं. पाय किती दाबलाय ते आता पायालाच कळतं. तिसऱ्या फेरीत एकानं मागून ठोकलं, मी गरगर फिरलो आणि सगळ्यांच्या मागं पडलो. कानातल्या हेडफोनवर गॅरेजवाला विचारत होता, थांबतोस काय. मी म्हटलं, न्हाय. पुढची पंचवीस मिनिटं माझ्या पुढं कुणी दिसत नव्हतं आणि मी तरीही प्रत्येक वळण नीट घेत होतो, जणू पहिलाच आहे. शेवटी तिघांना मागं टाकलं. अकरावा आलो. सीटवरून उठलो तर शर्ट पाठीला चिकटलेला. बायको म्हणाली, अकरावा म्हणजे किती जणांतला? सांगितलं. म्हणाली, बरं हाय की. पुढच्या रविवारी मी दहावा येणार आहे. नाही आलो तर त्याच्या पुढच्या रविवारी.

एवढं झालं, आणि तुला पत्र लिहायला बसलो ते मात्र दुसऱ्याच गोष्टीसाठी. जाळलेल्या तीन पट्ट्यांवरचे सांधे मी परवा हातानं चाचपून बघत होतो. काही नीट धरलेच नव्हते, ते नखाला गुळगुळीत लागले. एक चांगला धरलेला होता, तो मी ओढून तोडला होता, तो नखाला खरखरीत लागला. आपोआप सुटलेला सांधा आणि जोर लावून तोडलेला सांधा, डोळा मिटूनही फरक कळतो. आणि मला आपलं घर आठवलं, मी नोकरीला लागल्यानंतरचं. कमावता मुलगा असताना आई व्यापाऱ्याचं काम करते याची मला लाज वाटायची. तुला मी म्हणायचो की तुझ्या डोळ्यांची काळजी वाटते. तू म्हणायचीस, हात चालत्यात तवर करणार. तुझा तयार माल व्यापाऱ्याकडं मीच पोचवायचो, आणि मग एका संध्याकाळी मी एक सुटलेली कडी आणून तुझ्या हातावर ठेवली आणि सांगितलं की व्यापाऱ्यानं परत पाठवलीय, असे पुष्कळ सांधे सुटतात म्हणाला. तू ती दाराच्या उजेडात नेलीस. तुटलेल्या जागेवरून नख फिरवलंस, एकदा, मग परत एकदा. माझ्याकडं बघितलंस. "व्हय," म्हणालीस, "डोळं गेलं वाटतं माझं." आणि फुंकणी, चिमटा, वीट सगळं उचललंस. त्यानंतर तू नऊ वर्षं जगलीस आणि दाराकडची ती जागा मोकळीच राहिली.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, गॅलरीतल्या सीटखाली राहील. मला कुणी माझ्या जागेवरून उठवलेलं मी चालवून घेत नाही, आणि तुला तुझ्या जागेवरून मी उठवलं. व्यापाऱ्यानं काही परत पाठवलं नव्हतं, आई. सांधा पक्का होता. मी तो वाटेत पकडीनं तोडला होता, आणि तुझ्या नखाला ते त्याच संध्याकाळी कळलं होतं.