मागच्या स्पीकरांतली हाक

२ ऑक्टोबर, दसरा

आलो एकदाचे पेणला, स्वतःच्या घरात. रामवाडीला हायवे सोडून खाडीच्या अंगाला वळलं की नव्या प्लॉटिंगमधल्या बैठ्या बंगल्यांची रांग लागते, तिच्या टोकाला आमचं घर. मागच्या खिडकीतून खारफुटी दिसते. पूर्वी इथं मिठागरं होती म्हणे. मी साताऱ्याची, मला मीठ पुडीतून येतं एवढंच ठाऊक. माझ्या नवऱ्याचं, विशालचं, बालपण मात्र इथल्याच खाडीकाठच्या गावात, आजोबांच्या हाताखाली गेलं. आता त्याला नागोठण्याच्या कंपनीत नोकरी लागली आणि तो लहान पोरासारखा खूश आहे.

शेगडी अजून खोक्यात आहे, पण साहेबांचं होम थिएटर आधी लागलं. तीन स्पीकर पुढे, दोन सोफ्याच्या मागे. मी म्हटलं, आज सिनेमाच जेवू या. शेजारच्या पुतळीकाकू आपट्याची पानं द्यायला आल्या. उभा जन्म मिठागरात गेलेली बाई, हात अजून राकट. मागच्या दोन स्पीकरांकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग नुसतं पाणी पिऊन गेल्या.

४ ऑक्टोबर

नवीन घराची पहिली कटकट. डिशच्या चॅनलवर सिनेमा लावला की पाचही स्पीकर वाजतात. त्याच बॉक्समधल्या ॲपवर लावला की फक्त पुढचे. मागचे मुके. विशालचं तोंड असं पडलं की जणू कुणी लग्नाला बोलावून जेवायला वाढलं नाही.

माझं काम घरून असल्यामुळे कस्टमर केअर माझ्याच गळ्यात. बॉक्स बंद करून चालू केला, आवाजाची सेटिंग ‘ऑटो’वर नेली, वायर बदलली, ॲप काढून परत टाकलं. पलीकडची मुलगी गोड बोलायची आणि दर वेळी विचारायची की मॅडम, आता आवाज येतोय का. येतोय, पण मागून येत नाही, हे मी तिला किती परीनं सांगितलं.

५ ऑक्टोबर

रोह्याहून अमोल नावाचा डिशवाला आला. स्पीकर तपासले, धडधाकट निघाले. म्हणाला, तुमचा बॉक्स ॲपचा आवाज साधा स्टिरिओच पाठवतोय, ॲम्प्लिफायरवरही तसंच दिसतंय बघा. कंपनीकडून अपडेट आल्याशिवाय काही होणार नाही. मग हत्यारं पिशवीत भरताना सहज सांगावं तसं म्हणाला की या रांगेत बऱ्याच घरांत हीच तक्रार आहे, आणि ॲप बघायचं असेल तर मागचे दोन काढूनच ठेवा. का, ते विचारलं तर हसला आणि चप्पल घालायला लागला. मला त्याचा रागच आला.

७ ऑक्टोबर

काल कोजागरी झाली. आज विशालची सेकंड शिफ्ट, म्हणून दुपारी लवकर जेवायला बसलो, समोर ॲपवर सिनेमा. पौर्णिमेचं उधाण होतं, मागे खारफुटीत पाणी चढलेलं दिसत होतं.

मागचे स्पीकर वाजले. आधी पाण्याचा आवाज, मग चिखलात पाय बुडून निघाल्याचा, खूप पायांचा. मी खूश होऊन ॲम्प्लिफायरकडे पाहिलं, तिथं स्टिरिओच होतं. सिनेमात दोन माणसं ऑफिसात भांडत होती. आणि मग पाठीमागून एका पुरुषाची लांब हाक आली की खांड गेली, या रे.

विशालनं हातातला घास ताटात ठेवला आणि ‘ओ’ दिली. अगदी मोठ्यानं.

मग स्वतःच ओशाळून हसला. म्हणाला, आजोबांची शिकवण आहे. उधाणात खाडीचा बांध फुटून खिंडार पडलं, म्हणजे खांड गेली, की गावात हाक फिरायची. ती ऐकली की तोंडातला घास टाकून ओ द्यायची आणि फावडं घेऊन पळायचं, घरटी एक माणूस. जो ओ देणार नाही त्याच्या पंक्तीला कुणी बसत नसे. मी म्हटलं, अरे, ती टीव्हीतली हाक. तो म्हणाला, अंगातच भिनलंय, तोंडातून आपोआप गेली.

ताट त्यानं तसंच ठेवलं.

१० ऑक्टोबर

विशालच्या नखांत चिखल आहे. काळा, खारट वासाचा. तो कंट्रोल रूममध्ये स्क्रीनसमोर बसतो. विचारलं तर म्हणाला, असेल कुठला तरी. अंघोळ झाल्यावरही होता.

शिफ्टवरून आला की ॲप लावतो, आवाज बारीक करतो आणि टीव्हीकडे पाठ करून बसतो. तोंड मागच्या स्पीकरांकडे. चॅनल लावला तर चिडतो, कारण मग मागे सिनेमाचा आवाज भरतो आणि त्याला ‘त्यांचं’ ऐकू येत नाही. ‘त्यांचं’ हा त्याचाच शब्द. मला भीती वाटली, आणि मी ती त्याला सांगितली. त्यानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हात गार होता.

तो गेल्यावर मी मागच्या स्पीकरांच्या वायरी उपटून टाकल्या.

१३ ऑक्टोबर

वायरी नसतानाही वाजतात. हळू, पण वाजतात.

पुतळीकाकूंकडे गेले आणि रडलेच. त्यांनी पोटाशी धरलं, मग सगळं सांगितलं. आमची रांग जुन्या बांधावरच उभी आहे. त्यांच्या सासऱ्याच्या लहानपणी मोठ्या उधाणात इथं खांड गेली. हाक फिरली, ओ दिलेली माणसं आली. काही जण प्रवाह अडवायला खांडीत हाताला हात धरून उभे राहिले, बाकीचे मागून चिखलाच्या ढेपी टाकत होते. पाणी थांबेना. खांडीतली माणसंच ओरडत होती की टाका, थांबू नका. मागच्यांनी टाकल्या. बांध उभा राहिला आणि ती माणसं आत राहिली. बाहेर काढावं तर खांड परत उघडणार, म्हणून कुणी काढलं नाही. गाव वाचलं.

दर उधाणाला बांध झिजतो, म्हणाल्या, आणि त्यांना हात कमी पडतात. म्हणून हाक देतात. ज्यानं ओ दिली त्याला पुढच्या मोठ्या उधाणाला जावं लागतं. ज्या घरात मागून आवाज यायची जागा रिकामी असते तिथं ती ऐकू येते. म्हणून त्यांच्या घरी टीव्ही कायम मोठ्यानं चालू असतो.

मी विचारलं, सुटका नाही का. त्यांनी उठून टीव्हीचा आवाज आणखी वाढवला. मग म्हणाल्या, “घरटी एकच मानूस लागतो गो. त्याचे बदली घरातला दुसरा गेला का पहिला सुटला. पन तू हे इचारू नको.”

१६ ऑक्टोबर

साताऱ्याला जाऊ म्हटलं. बॅगा भरल्या. विशालनं त्या शांतपणे रिकाम्या केल्या. म्हणाला, ओ दिलीय, आता पळून गेलो तर आजोबांना काय तोंड दाखवू. आजोबा जाऊन किती काळ लोटला.

पाण्याचा आवाज अजून लांब आहे. काकू म्हणाल्या, अष्टमीच्या पुढे भांग असतो, म्हणजे भरती लहान असते. अमावास्येला चढेल.

अमावास्या म्हणजे लक्ष्मीपूजन.

१८ ऑक्टोबर

स्पीकर भिंतीवरून काढले. गच्चीत नेऊन ठेवले. आवाज सोफ्याच्या मागून येतोच आहे, नुसत्या खिळ्यांमधून.

तो खात नाही. झोपेत हात पुढे करतो, काहीतरी घेतल्यासारखे, आणि पुढे देतो. घेतो, देतो. मी ते हात धरून ठेवले. माझा हा माणूस मी कुणालाही देणार नाही.

२० ऑक्टोबर

ठरवलं. उद्या त्याला फर्स्ट शिफ्टला पाठवणार. दिवाळीत कुणी येत नाही, साहेब खूश होतील, असं गोड बोलून पाठवणार. नागोठण्याला तो सुखरूप असेल. इथं हाक आली की ओ मी देणार. घरटी एक. मी त्याची बदली.

काकूंना सांगितलं नाही.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

गेला. जाताना दारात थबकला, माझ्याकडे खूप वेळ बघितलं. मी हसून टाटा केला. रांगोळी काढली. 

दुपार

पाणी खिडकीला लागलंय. पाय वाजतायत. भिंतीच्या आत, जमिनीखाली, सगळीकडे —

हाक आली. मी दिली. ओ. मोठ्यानं दिली, साताऱ्याच्या बाईनं. आता तो सुटला.

त्याला फोन केला, नुसता आवाज ऐकायला. उचलत नाही. त्याच्या कंट्रोल रूममध्ये लावला. ते म्हणाले, विशाल केव्हाच निघाला. घरून तातडीची हाक आली, बायकोला कळू देऊ नका, म्हणाला —

त्याला कळलं होतं. मी काय करणार ते त्याला — माझ्या ओच्या आधीच तो इथं —

फरशी मऊ झालीये. पावलं बुडतायत. माझ्या ओंजळीत कुणीतरी ढेप ठेवली. मागून अजून एक. देतच आहेत. लिहायला हात पुसावा लागतो —

समोर सोफा नाही, पाणी आहे. त्यात माणसं, हाताला हात धरून. टोकाचा विशाल. कंपनीचा निळा शर्ट.

मी म्हटलं, बाहेर ये. तो म्हणाला, हात सोडला तर खांड उघडेल, काकूंचं घर, सगळी रांग — म्हणाला, टाक ऋतुजा. थांबू नको.

टाकली. एक टाकली. त्याच्या छातीपर्यंत आलंय. तो माझ्याकडे बघून हसतोय, बरोबर टाकतेस म्हणतोय —

मागून ढेप आली. खांद्यापर्यंत —

नाही टाकणार. मी नाही —

पाणी वाढलं. पलीकडे काकू ओरडतायत. तो म्हणतोय, लवकर. आता फक्त तोंड वर आहे, तरी म्हणतोय, टाक, मी