सहापैकी सहा

४ ऑगस्ट

ती. ताईस,

धाकट्या भोंग्याचा सा. न. वि. वि. फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकून घेत नाहीस, म्हणून कागद घेतला.

बातमी चांगली आहे. पायांची आग थांबली. दोन वर्षं तळव्यांखाली निखारे ठेवल्यासारखं व्हायचं, मोजे घालणं नको व्हायचं. गेल्या महिन्यापासून सगळं गार. नुसतं कापसावर उभं असल्यासारखं वाटतं. त्या आनंदात साखरेची संध्याकाळची गोळीही सोडली. दुखणंच नाही तर गोळी कशाला?

शाळेची बस जोरात चालू आहे. चाळीस पोरं, आणि एकेकाचा आवाज असा की हॉर्नची गरज पडत नाही. परवा गंमत झाली. डेपोत उतरून मी तरातरा ऑफिसात गेलो, तर बसमधल्या मदतनीस बाई माझी एक चप्पल हातात धरून मागून आल्या. पायरीवरच राहिली होती आणि मला पत्ता नाही. सगळे पोट धरून हसले. ब्रेकवर पाय ठेवताना हल्ली एकदा खाली बघून घेतो, एवढंच. वय झालं, दुसरं काय.

तुझी भावजय मजेत. माया असू दे, राग थोडा कमी कर, ही वि.

तुझा भोंगा

९ ऑगस्ट

चि. भोंग्यास,

अ. उ. आ. तुझी चांगली बातमी वाचून माझा चहा तसाच राहिला.

अरे, आग थांबली म्हणजे पाय बरे झाले असं नाही. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की नसा खराब होतात, आणि नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही. पायांच्या नसा सगळ्यात लांब, म्हणून सुरुवात तिथून. आधी मुंग्या, मग आग, आणि मग काहीच नाही. त्या काहीच नाहीला तू आराम म्हणतोस आणि इथे मला धडकी भरली आहे. मी वॉर्डात नर्स असताना एक सुतार आला होता. बुटात घुसलेला खिळा घेऊन चार दिवस हिंडत होता. दुखलं नाही, म्हणून बघितलं नाही, म्हणून अंगठा गेला.

मेलेली नस परत आणणारं औषध नाही. पण साखर ताब्यात आली तर उरलेल्या वाचू शकतात. आग शमवणाऱ्या गोळ्या असतात. बी-बारा कमी असेल तर त्यानेही नसा बिघडतात, आणि साखरेच्या काही गोळ्यांनी ते उतरतं, म्हणून रक्त तपासून घे. पण आपल्या मनाने गोळी सोडणारा तू कोण रे? आणि रोज तळवे आरशात बघायचे.

आजच एक कर. डोळे मिटून बस. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट, करंगळी, अशा सहा ठिकाणी बायकोला हलकेच बोट टेकवू दे, क्रम मोडून. तू डावा की उजवा एवढंच सांगायचं. दोन चुकले तर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. पास झालास तरी डॉक्टर गाठायचाच.

मला फार काळजी वाटते आहे. उत्तर लगेच धाड. सुखी राहा, आणि निदान या वेळी तरी ऐक.

ताई

१४ ऑगस्ट

ती. ताईस,

सा. न. वि. वि. सहापैकी सहा. शाळेत असे मार्क कधी पडले नव्हते. परीक्षक तुझी भावजय, म्हणजे वशिल्याचा प्रश्नच नाही. गोळी पुन्हा चालू केली. डॉक्टरांकडे शाळेच्या सुट्टीत जाईन, सध्या बदली ड्रायव्हर मिळत नाही. आता निवांत चहा पी. लोभ आहेच, तो वाढव.

भोंगा

२१ ऑगस्ट

ती. वन्संना,

सा. न. वि. वि. हे पत्र मी यांच्या नकळत लिहिते आहे.

निकाल खोटा आहे. मी खोटा सांगितला. हे खुर्चीवर डोळे मिटून बसले होते, तोंड इतकं केविलवाणं की मला बघवेना. पहिलं चुकलं, मी बरोबर म्हटलं. मग तसंच म्हणत गेले. सहांतली दोनच बरोबर होती. चौदा महिन्यांवर निवृत्ती आहे, गाडी गेली तर हा माणूस खचेल, एवढंच डोक्यात होतं.

काल शाळेच्या फाटकापाशी बस थांबायच्या रेघेपुढे दोन हात गेली. मुलं समोरच उभी होती. हे म्हणाले ब्रेक ढिला आहे. मेकॅनिकने तपासून ब्रेक ठीक असल्याचं सांगितलं. यांना कोणत्या तोंडाने सांगू? तुम्ही म्हणाल तसं करते. मला पदरात घ्या.

तुमची भावजय

२ सप्टेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं चार ओळींचं उत्तर तिने माझ्यापुढे ठेवलं, पण त्याआधी स्वतःच सगळं सांगून टाकलं. सकाळी, मी चावी घेत असताना. मी चावी परत खुंटीला लावली.

डॉक्टरांनी तळव्याला जाडसर धागा टेकवला, वाजवून थरथरता केलेला लोखंडी चिमटा घोट्याच्या हाडावर ठेवला. मला दोन्ही कळले नाहीत. उजव्या टाचेला चीर आहे, तीही त्यांनीच दाखवली. बी-बारा तळाला गेलंय, इंजेक्शनं सुरू झाली. त्यातलं थोडं परत येईल कदाचित, महिने लागतील म्हणाले. साखरेने जे नेलंय ते परत येण्यातलं नाही. डेपोत मला गाड्यांच्या वेळा लावायचं काम दिलंय.

तू तिला रागावू नकोस. ती अजून रडते आहे, आणि सगळा दोष स्वतःवर घेते आहे, म्हणून हे लिहायलाच हवं. तिलाही मी आजच सांगितलं. त्या दिवशी डोळे मिटून बसलो तेव्हा मला एकही स्पर्श कळला नव्हता. सहाही वेळा मी अंदाजाने बोललो. सहाही बरोबर आले म्हणाली, तेव्हाच मी ओळखलं की ती मला सांभाळून घेते आहे. आणि तरी दुसऱ्या दिवशी चाळीस पोरं घेऊन मी गाडी काढली. दोन आठवडे काढत राहिलो.

तुझी माया कमी झाली तरी चालेल, तुटू मात्र देऊ नकोस.

तुझा भाऊ