तिसरं कडवं

बाबा, आज दुपारी तुमची नात सुटीवर आली आणि स्वयंपाकघरात तिनं फोनवर एक जपानी गाणं लावलं, तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तुम्ही असता तर कडाडून भांडले असते. नाही आहात, तर लिहून भांडते. मी हिरव्या सांभाराची जुडी निवडत होते. आधी एका म्हातारीचा नुसता आवाज, जरा कापरा. मग त्याखाली मशीनचा ठेका, लांबच्या धानाच्या बांधीवर मोटरपंप चालू असावा तसा. मग एक तरुण पोरगी तीच ओळ उचलते आणि भलतीकडेच घेऊन जाते. अख्खा अल्बम असाच आहे म्हणे, जुनी गाणी आणि मशीन. "आई, हे त्यांचं धान रोवतानाचं गाणं आहे," पोरगी म्हणाली, "आमच्या होस्टेलमध्ये सगळ्या पागल झाल्यात याच्यामागे." माझ्या हातातली जुडी तशीच राहिली.

आठवतं का, तुम्हीच मला तो छोटा कीबोर्ड आणून दिला होता? नाटकांचा हंगाम संपवून नागपूरवरून आलात, बसमधून उतरल्यापासून घरापर्यंत भेटेल त्याला सांगत होतात, "जपानचा माल हाय, पोरीसाठी आणला." हात धुतल्याशिवाय कोणाला त्याला शिवू देत नव्हतात. झाडीपट्टीच्या नाटकांत तुमच्या ऑर्गनला तोड नव्हती आणि मी तुमच्याच हाताखाली शिकले, ते नाकारत नाही. पण पुढच्या हंगामाआधी एक दिवस वडशाला आपल्या अंगणात नाटक मंडळीची तालीम होती. चहाची सुटी झाली. मी कीबोर्डातला तयार ठेका मंद करून लावला आणि आईला म्हटलं, ते रोवणीचं, बगळ्याचं गाणं म्हण ना. आई चुलीपाशी होती. लाजली, हसली, आणि तिथूनच म्हणायला लागली. पहिल्या कडव्यात रोवणारी सून बगळ्याला म्हणते, माझ्या माहेरी जाऊन ये. दुसऱ्यात बगळा पोचतो, तर दारात भाऊ नाही. मी खालून सूर देत होते. मंडळीतल्या माणसांच्या हातातले कप थांबले. मालक म्हणाले, "भाऊ, हे दुसऱ्या अंकात घेऊन टाका न."

तिसरं कडवं सुरू झालं आणि तुम्ही उठून वायर उपटली. "चिखलातलं गाणं चिखलात राहू दे. मायी बायको का स्टेजवर चढवाची हाय? अन् ते डबडं वाजवाले आणलं का तुले?" आई अर्ध्या ओळीवर गप्प झाली. मी रडायला लागले, तर मलाच समजावते, "जाऊ दे न माय, भाजी करपून राह्यली." त्यानंतर तिनं घरात कधी तोंडातून सूर काढला नाही. आणि कीबोर्ड तुम्ही पेटीत कुलूप लावून ठेवला. डबडं म्हणे! तुमचं ऑर्गन काय धानाच्या बांधीत उगवलं होतं?

हे मी गिळलं असतं, बाबा. पण आई गेली त्याच्या पुढच्या हंगामात तुमचं नाटक बघायला मी सासरहून, राजुऱ्यावरून आले. मरणाचा सीन होता. तुम्ही ऑर्गनवर बगळ्याचं गाणं वाजवलं. शब्द नाहीत, नुसती चाल, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मांडवातल्या बाया पदर तोंडात धरून रडत होत्या. नंतर कोणीतरी म्हणालं, "काय चाल बांधली भाऊ!" आणि तुम्ही हात जोडलेत. आईचं नावसुद्धा नाही घेतलंत! त्या दिवशी तुम्ही माझ्या मनातून उतरलात ते उतरलातच.

आता तुमची नात हट्टाला पेटली आहे. म्हणते, आपण आजीचं गाणं करू, तू म्हण, मी फोनवर ठेका बसवते. संध्याकाळी बसलो. आवाज फाटला आहे माझा, तरी दोन कडवी नीट आली. पोरीनं खाली काय काय वाजवलं, बरं वाटलं कानाला. मग तिसरं कडवं आलं आणि मी थांबले. त्याच अर्ध्या ओळीवर. पोरगी म्हणाली, "काऊन थांबली? बगळा परत येऊन काय सांगतो?" काय सांगू तिला? त्यापुढचे शब्द मलाच येत नाहीत. आईबरोबर रोवणाऱ्या बायांपैकी एकही उरली नाही. मावशीला फोन केला, तिला बगळा होता एवढंच आठवतं.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहिते. भांडायला नव्हते बसले मी. ते शब्द विचारायला बसले होते. चाल तुम्ही अख्खी उचललीत, म्हणजे आई म्हणत असताना कधीतरी पूर्ण ऐकली असेल. मग सांगा न बाबा, बगळ्यानं येऊन काय निरोप दिला? का शब्द तुम्ही ऐकलेच नव्हते?