बनातली काडी

रविवार, दिवेलागण

आज मी सायकलवर बसले. या वयात! मंद्रूपला माहेरी गेलो हुतो. तितं भावाची सायकल काढून नात सोनी म्हणाली, "आजी, बस मागं. तुझं ते देवीचं बन दाव की." मी वाटभर हसत हुते. पडले असते तर? पण न्हाय पडले.

बन हाय तसंच हाय. एवढाली जुनी झाडं, आत ऊनसुद्धा शिरत न्हाय. तितं कुणी कुऱ्हाड लावत न्हाय. आई सांगायची, बनातली वाळकी काडीसुद्धा घरी न्यायची न्हाय, नेली की देवी तिच्या मागोमाग घरी येती. सोनीला सांगितलं तर म्हणती, "चालत येती का एसटीनं?" लई आगाव.

जुळे सोलापुरात घरी येऊन लुगडं झटकलं, तर पदरातनं काडी पडली. बोटाएवढी. मी म्हटलं, अडकली असंल. सोनी म्हणाली, "मी उद्या पुण्याला चालले, आता कोण परत नेऊन ठेवणार? टाक खिडकीतनं."

न्हाय टाकली. हितं खरं लिहिते. अडकली न्हाय, मीच वाकून उचलली हुती. का उचलली? पोरगा आन् सून सकाळी कामाला जातात ते अंधार पडल्यावर येतात. उद्यापासनं सोनी पण न्हाय.

काडी उशाखाली ठेवलीया. देवी येणार असंल तर येऊ दे. दार उघडायला दिवसभर मी हायच की.