गारठलेली पेटी

माय, मंगरूळपीरच्या विश्रामगृहातल्या उशीविरुद्ध मला शासनदरबारी दाद मागायची आहे. कापसाच्या मुलखात उशीत भुसा भरणं हा समस्त मानांचा अपमान आहे. माझी मान अशी आखडली की सकाळी भाषणभर मी आकाशाकडेच पाहत होतो. लोकांना वाटलं, केवढा विचारवंत!

आणि आकाशाकडे पाहिलं की मला ती पेटी आठवते. पन्नासचं दशक सरत आलं होतं. मी हैदराबादेत, आकाशात उंच फुगे सोडणाऱ्या शास्त्रज्ञांकडे नोकरीला. आमचा एक फुगा वाऱ्याने भरकटून नेमका आपल्या इंझोरीच्या शिवारात उतरतो, आणि लेकाची वस्तू म्हणून तू त्याला टांगलेली यंत्रांची पेटी उचलून घरी आणतेस. साहेबांना घेऊन मी पोचतो, तर पेटी गोधडीत गुंडाळून चुलीपाशी! "इतक्या वरून आलं, गारठलं असंन ना," तू म्हणालीस. आतल्या फोटोच्या काचा उष्णतेने काळवंडून गेल्या होत्या. साहेबांनी कपाळाला हात लावला. तू त्यांना भाकर वाढलीस.

"काय शोधून राह्यले होते रे तुमी?"

मी सांगितलं. पृथ्वीभोवती इलेक्ट्रॉन नावाच्या बारक्या कणांचे पट्टे आहेत, नुकतेच सापडलेत. कण तिथे अडकून फिरत राहतात. एखादा निसटतो, खाली यायला निघतो.

"मंग येते काय खाली?"

"नाही माय. वरच्या हवेतच संपतो. त्याची नुसती चाहूल थोडी खाली उतरते. ती सापडते का, ते पाहत होतो."

तुझा हात परातीतच थांबला. "म्हंजे निंघालं होतं. पोचलं नाही."

साहेबांना ते कळलं नाही. मला कळलं. ताई पहिल्या बाळंतपणाला सासरहून, मालेगावहून, तुझ्याकडे यायला निघाली आणि वाटेतच गेली. बैलगाडी तिथूनच सासरी वळवली. तुला तोंडही पाहता आलं नाही. "तिनं मले हाक मारली असंन काय रे?" तू विचारलंस. त्याला माझ्याजवळ यंत्र नव्हतं. तू गेलीस, तोवर नव्हतं.

आज भाषण संपल्यावर एक म्हातारी पुढे आली. ताईसोबत गाडीत होती ती सुईण.

"लय बोलतं तू बापू, बहिणीचं काहून नाही बोलत?" मग हळूच म्हणाली, "माय माय करून राह्यली होती. गाडी थांबली त मले म्हणे, गाडी हाका ना, माय वाट पाहून राह्यली."

"इतकी वर्षं सांगितलं नाही?"

"मले कोणी इचारलंच नाही."

लेकीच्या सासरचा निरोप आणणारीला तू रिकाम्या हाताने कधी पाठवलं नाहीस. मी बाजारात गेलो, हिरवा खण घेतला आणि तुझ्या नावाने तिच्या हातात ठेवला.

हे टपालात पडायचं नाही, म्हणून सांगून टाकतो: दुकानदाराने सांगितला तोच भाव दिला. तुझ्यासारखी घासाघीस केली नाही.